'डन्जन'च्या पहिल्या अंकाचं परीक्षण लिहायचंय? आधी पेन्सिल घ्या

प्रश्न असा आला आहे: "डन्जन या अमेरिकन मासिकाचा 1986 चा पहिला अंक वाचून झाला. आमच्या गटासाठी आणि इतर मराठी खेळाडूंसाठी त्याचं परीक्षण लिहायचंय. मी डी अँड डी च्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेला खेळाडू, आता डीएम व्हायला लागलोय. अंकात सहा कथानकं आहेत. प्रत्येकाबद्दल थोडं-थोडं लिहून शेवटी पाचपैकी तारे द्यावेत असा बेत आहे. ठीक आहे का?" न खेळणाऱ्यांसाठी एवढंच: डी अँड डी म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', फासे टाकून गोष्ट जगायचा खेळ; डीएम म्हणजे तो चालवणारा; कथानक म्हणजे डीएमने गटाला खेळवायचं तयार साहस; कॅरेक्टर म्हणजे खेळाडूचं पात्र आणि लेव्हल म्हणजे त्याच्या ताकदीची पायरी.

तारे आधी काढून टाका. पाचपैकी साडेतीन म्हणजे नेमकं काय ते वाचणाऱ्याला कळत नाही, आणि देणाऱ्यालाही चार दिवसांनी सांगता येत नाही. शिवाय सहा कथानकं, वेगवेगळ्या लेव्हलची, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. त्यांची सरासरी काढून भलं कोणाचं होणार? ज्याच्या गटातली कॅरेक्टर्स आत्ता पहिल्या लेव्हलला आहेत, त्याला सहाव्या ते दहाव्या लेव्हलचं कथानक कितीही झकास असलं तरी आज उपयोगाचं नाही.

'प्रत्येकाबद्दल थोडं-थोडं' हा बेतही मला पसंत नाही. दिवाळी अंकांची परीक्षणं वाचून वाचून ही सवय आपल्याला लागलेली असते. मुखपृष्ठ लक्षवेधी, संपादकीय चिंतनशील, अमुक यांची कथा चटका लावणारी, तमुक यांचा लेख माहितीपूर्ण, छपाई सुबक, एकूण अंक संग्राह्य. कोणाला वगळलं नाही, कोणाला दुखावलं नाही, आणि अंक घ्यावा की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाळी अंकाला एक वेळ हे चालून जातं, कारण तो सोफ्यावर पडून वाचायचा असतो. 'डन्जन'चा अंक डीएमच्या पडद्याआड उघडा ठेवायला काढलेला आहे, समोर पाच माणसं फासे हातात घेऊन बसलेली असताना. त्या वेळी हा अंक काय देतो आणि कुठे हात वर करतो, ते सांगणं हे तुमच्या परीक्षणाचं काम. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

पार्श्वभूमी द्या, पण लवकर आटपा. हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीचं 'ड्रॅगन' मासिक जून 1976 पासून निघत होतं. त्यात नियमांची चर्चा, नवे मॉन्स्टर, कथा, वाचकांची पत्रं, व्यंगचित्रं असं सगळंच असायचं आणि अधूनमधून एखादं तयार कथानक. पूर्ण कथानक हवं असेल तर दुकानातून वेगळं मॉड्यूल आणायचं, बहुतेक 32 पानांचं. सप्टेंबर-ऑक्टोबर 1986 मध्ये टीएसआरने 'डन्जन' सुरू केलं ते फक्त कथानकांसाठी, दर दोन महिन्यांनी एक अंक. संपादक रॉजर मूर. मुख्य म्हणजे मजकूर वाचकांकडून मागवलेला असायचा. कोणीतरी डीएम आपल्या गटाला खेळवलेलं कथानक नीट लिहून काढायचा, नकाशे जोडायचा, पाठवायचा. पसंत पडलं तर छापून यायचं. हे एवढं ध्यानात ठेवलं की अंकातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. काही ठिकाणी मजकूर फार सैल वाटेल, काही ठिकाणी एखादी खोली अचानक जिवंत होईल. दोन्हीचं कारण तेच: हे आधी कोणाच्या तरी घरातल्या टेबलावर घडलेलं असतं.

म्हणूनच लेखकांची नावं लिहा. आपल्याकडे मासिकाच्या परीक्षणात "अंकात एक छान कथानक आहे" असं लिहून लोक पुढे जातात, जणू ते छापखान्यातच उगवलं. 'ग्राखर्ट्स लेअर' लिहिणाऱ्या जॉन नेफ्यूने पुढे 1990 मध्ये अ‍ॅटलस गेम्स ही कंपनी काढली. 'असॉल्ट ऑन एडिस्टोन पॉइंट'च्या लेखिका पॅट्रिशिया नीड एलरॉड म्हणजे पुढे व्हॅम्पायर कादंबऱ्यांमुळे नाव झालेल्या पी. एन. एलरॉड. 'इन्टू द फायर' ग्रँट आणि डेव्हिड बाउचर या दोघांचं. वाचकांनी पाठवलेल्या मजकुरावर चालणाऱ्या मासिकाचा पहिला अंक पुढच्या पिढीतल्या व्यावसायिकांची भरती कशी करतो, हे इथे आपोआप दिसतं; त्यासाठी वेगळा परिच्छेद पाडायची गरज नाही.

आता खरं काम. पहिलं वाचन सरळ करा, मजा घेत. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि नकाशाची झेरॉक्स काढा. मजकूर बाजूला ठेवून प्रवेशद्वारापासून चालायला लागा आणि प्रत्येक खोलीपाशी थांबून मजकुराशी ताडून बघा. मजकुरात उत्तरेला दार आहे, नकाशात आहे का? सतरा नंबरची खोली लिहिलीय, नकाशात सतरा नंबर सापडतो का? चौकोन किती फुटांचा? त्या काळात बहुतेक 10 फुटांचा असे. म्हणजे दोन चौकोन लांब आणि दोन रुंद खोलीत बारा गॉब्लिन ठेवले असतील, तर तिथे सहा कॅरेक्टर्स शिरल्यावर कोण कुठे उभं राहणार, हे डीएमला त्या क्षणी ठरवावं लागणार. छापील चुका सापडल्या तर त्यांची यादी छापत बसू नका. पण नकाशा आणि मजकूर यांचं भांडण असेल आणि त्यामुळे सेशन अडणार असेल, तर ते ठळकपणे सांगा. अंक हातात घेणाऱ्या डीएमचा अर्धा तास वाचेल.

चालताना आणखी एक गोष्ट बघा: नकाशाला फेरा आहे का? एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येता येतं का, की आगगाडीच्या डब्यासारखं एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात? फेरा असला की खेळाडू मागून येऊ शकतात, मॉन्स्टरही मागून येऊ शकतो, पळून जायला जागा राहते, आणि एकच कथानक दोन गटांसोबत दोन तऱ्हांनी रंगतं. एडिस्टोन पॉइंटमध्ये कथा एका निरोप पुढे पोचवणाऱ्या मनोऱ्याभोवती फिरते. मनोरा म्हटला की एकावर एक मजले आणि मधे जिना, म्हणजे रचना जात्याच सरळसोट. तेव्हा तपासायचं ते हे की बाहेरून चढून जाणाऱ्या, खिडकीतून शिरणाऱ्या, दोर टाकणाऱ्या खेळाडूंचा लेखिकेने किती विचार केलाय. कारण कुठल्याही गटातला चोर (हा कॅरेक्टरचा एक प्रकार) पहिल्या पाच मिनिटांत विचारतो: "भिंत किती गुळगुळीत आहे?" याचं उत्तर मजकुरात असेल तर लेखिकेला दाद द्या. नसेल तर तसं लिहा आणि डीएमने काय ठरवून ठेवावं तेही सांगा.

मग खोल्यांची वर्णनं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे महत्त्वाच्या जागेच्या मजकुराचे दोन भाग असायचे. चौकटीतला भाग खेळाडूंना वाचून दाखवायचा, खालचा फक्त डीएमसाठी. कसं वाचायचं ते एका नमुन्यावर दाखवतो. नमुना मी इथल्या इथे रचलाय, अंकातला नाही.

चौकटीत: "दार ढकलून तुम्ही आत येता. समोर धूळ खात पडलेलं लांब टेबल, त्यावर गंजलेली सुरी. तुमच्या अंगावर काटा येतो. कोपऱ्यात काहीतरी हललं असं वाटून तुम्ही दोन पावलं मागे सरता."

खाली डीएमसाठी: "ही खोली किल्लेदाराच्या आचाऱ्याची. तो उत्तरेकडून किल्लेदाराच्या आजोबांच्या काळात आला. त्याच्या हातच्या रश्श्याची ख्याती दूरवर होती," अशा आठ-दहा ओळी, आणि शेवटी: "टेबलाखाली दबा धरून बसलेला घूल पहिल्याच फेरीत हल्ला करतो."

आता एकेक बघा. 'दार ढकलून': आणि गट खिडकीतून आला तर? किंवा आधी चोर एकटाच डोकावला तर? चौकटीतला मजकूर वाचायचा की नाही इथपासून डीएम अडखळणार. 'काटा येतो', 'मागे सरता': घाबरायचं की पुढे जायचं हे खेळाडूने ठरवायचं असतं, मजकुराने त्याच्या हातातला निर्णय काढून घेतला. आणि घूल सगळ्यात शेवटी! अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी मधल्या घूलचा, म्हणजे प्रेतं खाणाऱ्या भुताचा, स्पर्श झाला की एल्फ सोडून बाकी कोणीही लुळं पडू शकतं. म्हणजे या खोलीतली जीवनमरणाची माहिती आचाऱ्याच्या रश्श्याखाली दडपलेली आहे. समोर पाच जण बसलेले असताना डीएमची नजर पहिल्या दोन ओळींवर जाते, बाराव्या ओळीवर जात नाही. त्याउलट टेबल आणि गंजलेली सुरी चांगली, कारण खेळाडू लगेच काहीतरी करणार: सुरी उचलतील, टेबल उलटं करतील, त्यावर चढतील. आचाऱ्याचा इतिहासही फेकून द्यायचा नाही. खेळाडूंना तो कळायची काही वाट असेल, एखादं पत्र, एखादं भूत, तर तो कामाचा. वाट नसेल तर तो फक्त डीएमसाठी लिहिलेली कथा आहे.

अशी एक खोली अंकातून उचला आणि परीक्षणात अशीच उघडून दाखवा. 'वर्णनं प्रभावी आहेत' असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा एक खोली पुरते. आणि आपल्या टेबलावर चौकटीतलं इंग्रजी कोणी जसंच्या तसं वाचत नाही. डीएम नजर टाकतो आणि आपल्या शब्दांत सांगतो. तेव्हा वस्तूंनी भरलेला मजकूर टिकतो, विशेषणांनी भरलेला गळून जातो. मराठी वाचकांसाठी लिहिताय तर हे जरूर नोंदवा.

पाचव्या आवृत्तीवर वाढलेल्याला या अंकात सगळ्यात जास्त काय चकवतं? खजिना. वाचताना वाटतं, पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पोरांना इतकी नाणी कशाला? अंक अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी च्या पहिल्या आवृत्तीच्या काळातला आहे, आणि तिथे सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी (अनुभवाचा गुण; पुरेसे साठले की लेव्हल वाढते) मिळतो. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला 2,001 एक्सपी लागतात, चोराला 1,251, मॅजिक-यूजरला, म्हणजे जादूगाराला, 2,501. मारामारीतून मिळणारं अगदीच किरकोळ: एका ऑर्कचे 10, वर त्याच्या प्रत्येक हिट पॉइंटमागे (किती मार सोसेल तो आकडा) एक. चार-पाच हिट पॉइंटचा ऑर्क मारला तर पंधराच्या आसपास, तेही सगळ्या गटात वाटून. पाच जणांचा गट असेल आणि सगळं समान वाटलं, तर मॅजिक-यूजर दुसऱ्या लेव्हलला पोचेपर्यंत गटाने मिळून 12,505 एक्सपी कमवायला हवेत. ऑर्क मारून ते करायचं तर आठशेहून जास्त ऑर्क लागतील. म्हणजे खजिना हाच अभ्यासक्रम.

तेव्हा कथानकातल्या सगळ्या खजिन्याची बेरीज करा. दागिने, चांदीची भांडी, गालिचे, सगळं धरून. मग बघा की त्यातला किती उघड्यावर आहे आणि किती गुप्त दारामागे. निम्मा खजिना एकाच गुप्त दारामागे असेल आणि तिथे जायचा कुठलाच सुगावा नसेल, तर बहुतेक गट निम्म्या प्रगतीवर घरी जाणार. पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल 300 एक्सपीला येते आणि नाण्यांना काही मिळत नाही. त्यामुळे हेच कथानक जसंच्या तसं आज चालवलं तर दोन गोष्टी होतात: खेळाडूंकडे खर्च करता येणार नाही इतकं सोनं साठतं, आणि मारामारी टाळून माल लांबवायची जी मूळची चुरस होती ती संपते. परीक्षणात हे सांगितलंत तर आजच्या डीएमला खरोखर काहीतरी हाती लागेल. आकडे बदलणं त्यामानाने सोपं. आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, तेव्हा उलटा चालायचा, कमी तितका चांगला. 20 मधून तो वजा केला की आजच्या जवळपासचा आकडा येतो. 4 चा 16.

हीच नजर घेऊन 'इन्टू द फायर'कडे वळा, कारण अंकाचं वजन तिथे आहे. मुखपृष्ठावरचा कीथ पार्किन्सनने रंगवलेला लाल ड्रॅगनही तिकडेच बोट दाखवतो. या ड्रॅगनचं नाव फ्लेम. पाचव्या आवृत्तीतला प्रौढ लाल ड्रॅगन तुम्ही बघितला असेल: 256 हिट पॉइंट, आर्मर क्लास 19, लेजंडरी अ‍ॅक्शन्स (इतरांच्या पाळीनंतर करता येणाऱ्या जादा कृती), 18 सहाअंगी फाशांची आगीची फुंकर. आता 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला लाल ड्रॅगन काढा. 9 ते 11 हिट डाइस (हिट पॉइंट ठरवायचे फासे), आणि अगदी प्राचीन असला तर प्रत्येक डाइसला 8. म्हणजे जास्तीत जास्त 88 हिट पॉइंट. फुंकर दिवसातून तीन वेळा, इजा त्याच्या स्वतःच्या पूर्ण हिट पॉइंट्सएवढी, सेव्ह (बचावाचा फासा) साधला तर निम्मी.

हे आकडे शेजारी ठेवून विचार करा. दहाव्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरचा एक लाइटनिंग बोल्ट (विजेचा मंत्र) 10 सहाअंगी फाशांचा, सरासरी 35. दोन बरोबर लागले तर 70. म्हणजे बाकीच्यांचे वार धरून प्राचीनातला प्राचीन ड्रॅगनही दोन फेऱ्यांत जमिनीवर येऊ शकतो, आणि पहिली फुंकर नीट साधली तर त्याच दोन फेऱ्यांत अर्धा गट राखही होऊ शकतो. सगळा खेळ पहिला वार कोणाचा यावर. 1986 मधल्या लेखकाला त्यामुळे ड्रॅगनची ताकद त्याच्या आकड्यांत ठेवता येत नाही. ती ठेवावी लागते जागेत, तयारीत आणि डोक्यात. तो गुहेत कुठे बसतो? खेळाडू येताहेत हे त्याला कोण सांगतं? हरायची वेळ आली तर उडून जायला वाट आहे का? त्याला त्यांच्याकडून काही हवंय का? बाउचर जोडीच्या कथानकाचं परीक्षण म्हणजे या चार प्रश्नांची उत्तरं मजकुरातून शोधून काढणं. जागा द्यायची असेल तर इथे द्या. याच जोडीने मे-जून 1989 च्या सतराव्या अंकात फ्लेमला परत आणलं. हा ड्रॅगन वाचकांच्या डोक्यात किती घर करून राहिला होता त्याचा पुरावा म्हणून एवढं सांगून थांबा.

भटक्या मॉन्स्टरांचे तक्ते (वाटेत अचानक कोण भेटतं ते फाशांवर ठरवायचे) कोणी तपासत नाही, तुम्ही तपासा. 1983 च्या मॉन्स्टर मॅन्युअल 2 पासून 2 ते 20 चा तक्ता लोकप्रिय झाला: एक आठअंगी आणि एक बाराअंगी फासा एकत्र टाकायचा. फाशांच्या एकूण जोड्या 96. त्यातल्या 9, 10, 11, 12, 13 या पाचही बेरजा सारख्याच वेळा येतात, प्रत्येकी 8 जोड्यांनी. मिळून 40, म्हणजे शंभरात बेचाळीस वेळा. 2 आणि 20 मात्र प्रत्येकी एकाच जोडीने. आता एखाद्या लेखकाने आपला सगळ्यात लाडका, सगळ्यात विचित्र मॉन्स्टर 20 वर ठेवला असेल तर तो कोणाच्याच टेबलावर येणार नाही, आणि 9 ते 13 मध्ये पाचही ठिकाणी उंदीरच असतील तर प्रवास उंदरांचाच होणार. तक्ता कुठल्या फाशांचा आहे ते बघून लेखकाला आपल्या कथानकातली जागा कळते का, हे दोन मिनिटांत ओळखता येतं. फाशांची जाण असलेले लेखक नेहमीचं मधे ठेवतात आणि जीवघेणं कडेला.

जुन्या अंकाबद्दल लिहिताना मागाहून आलेल्या शहाणपणाचा मोह फार होतो. बाल्डर्स गेट 3 हा व्हिडिओ गेम खेळलेल्या पोरांना लेझेल माहीत असते. ती गिथयांकी या जमातीची, आणि गिथयांकी चार्ल्स स्ट्रॉस यांनी 'व्हाइट ड्वार्फ' या ब्रिटिश मासिकाच्या 'फीन्ड फॅक्टरी' सदरासाठी लिहिलेले; 1981 च्या फीन्ड फोलिओत ते पुस्तकात आले. आता कोणी त्या सदराच्या जुन्या अंकाचं परीक्षण करताना "इथेच इतिहास घडला" म्हणून आरती ओवाळली, तर त्याच सदरातले बाकीचे मॉन्स्टर, ज्यांचं पुढे काहीच झालं नाही, ते अन्यायाने सुटतात. आणि त्या वेळच्या वाचकाला सगळे एकाच रांगेत दिसत होते. तुमच्या अंकाबाबतही नेफ्यू आणि एलरॉड यांची पुढची कारकीर्द एका वाक्यात सांगा, पण त्यांच्या कथानकांना त्याचा वाढीव गुण देऊ नका. उलटा मोहही आवरा. 'आजकाल कोणी असं लिहीत नाही' हा दोष होत नाही. 1986 च्या डीएमकडे नियमांची पुस्तकं, शेजारच्या दुकानातली मॉड्यूल्स, 'ड्रॅगन' आणि हे मासिक एवढंच होतं. त्याला हा अंक किती दिवस पुरला असता, हे विचारा. पहिल्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत पसरलेली सहा कथानकं एका अंकात देण्यामागे संपादकाचा हिशोब तोच: गट कुठल्याही टप्प्यावर असो, त्याला काहीतरी मिळायला हवं. संपादक म्हणून मूर यांचं काम जोखायचं तर या वाटपावरून जोखा. संपादकीयात काय लिहिलंय त्याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही.

सहाच्या सहांना सारखी जागा देऊ नका. 'इन्टू द फायर'ला निम्मं परीक्षण गेलं तरी चालेल. एडिस्टोन पॉइंट किंवा ग्राखर्ट, जे तुमच्या गटाच्या लेव्हलला बसेल ते दुसरं. 'द डार्क टॉवर ऑफ कॅबिलार' आणि 'गार्डियन्स ऑफ द टूम' यांना एकेक परिच्छेद. 'द एल्व्हन होम' छोटंसं आहे. एका संध्याकाळचं, प्रवासात वाटेवर लागणारं. दोन वाक्यांत सांगून पुढे जा. जाहिराती आणि चित्रांवर एखादी ओळ, तीही खरंच काही बोलण्यासारखं असेल तर.

लिहायच्या आधी निदान एक प्रसंग टेबलावर काढा. पूर्ण कथानक चालवायला आठवडे जातील, ते शक्य नसतं हे मलाही माहीत आहे. पण एक खोली, एक भेट, एक मारामारी एका संध्याकाळी होते. खेळताना शेजारी कागद ठेवा आणि तीनच गोष्टी टिपा: तुम्ही पानं उलटत कुठे थांबलात, खेळाडूंनी असं काय विचारलं ज्याचं उत्तर मजकुरात नव्हतं, आणि मजकुरातलं असं काय होतं जे तुम्ही स्वतः कधी सुचवू शकला नसतात. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण विकतचं कथानक आपण त्यासाठीच घेतो. आणि परीक्षणात स्पष्ट लिहा: हे खेळवलंय, ते नुसतं वाचलंय. वाचलेल्याचं मत मांडायला काही हरकत नाही, फक्त ते खेळवलेल्याच्या कपड्यात पाठवू नका. अंक कोणी फुकट दिला असेल, किंवा लेखक ओळखीचा असेल, तर तेही. चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकाला हा प्रश्न येणार नाही; पण एकदा परीक्षणं लिहायला लागलात की आपल्याकडचे झीन (घरगुती छोटी मासिकं) काढणारे मित्र पीडीएफ पाठवायला लागतील, तेव्हा येईल.

पुढे कधी नव्या काळातले अंक घ्याल तेव्हा एक फरक ध्यानात ठेवा. 2002 पासून 'डन्जन' पायझो कंपनी काढायला लागली आणि कथानकं मालिकेत यायला लागली. 2003 पासूनची 'शॅकल्ड सिटी', मग 124 ते 135 या बारा अंकांतली 'एज ऑफ वर्म्स', आणि शेवटी 139 ते 150 मधली 'सॅव्हेज टाइड'. सप्टेंबर 2007 च्या दीडशेव्या अंकाबरोबर छापील मासिक बंद झालं. मालिकेच्या एका भागाचं परीक्षण करताना दोन वेगळे प्रश्न येतात: हा भाग एकटा चालतो का, आणि पुढच्या भागाकडे जायला खेळाडूंना काय ओढतं. 124 मधलं एरिक मोना यांचं 'द व्हिस्परिंग केर्न' घ्या. मालिका न चालवणारा डीएमसुद्धा सुरुवातीच्या लेव्हलच्या गटासाठी ते स्वतंत्र उचलू शकतो. मालिकेतल्या मधल्या भागांबद्दल असं क्वचितच म्हणता येतं, आणि तसं असेल तर वाचकाला आधीच सांगून टाका.

राहता राहिली रहस्यं. तुमचा गटही हे परीक्षण वाचणार म्हणताय, तेव्हा दोन भाग करा. वरच्या भागात खेळाडूंनी वाचावं असं: लेव्हल, सूर, मारामारी किती, गप्पा किती, किती सेशन पुरेल. मग एक ठसठशीत ओळ: 'इथून पुढे फक्त डीएम.' खाली मनसोक्त उघडा. शेवट सांगितल्याशिवाय कथानक जोखता येत नाही. आणि जे कथानक तुम्ही स्वतः पुढच्या महिन्यात याच गटाला खेळवणार आहात, त्याचा खालचा भाग आत्ता लिहून ठेवा, पण खेळून झाल्यावरच प्रसिद्ध करा. 'इथून पुढे फक्त डीएम' ही ओळ वाचून थांबलेला खेळाडू मी तरी अजून बघितलेला नाही.